बेळगावात जुनं घर विकून फ्लॅट घ्यायचाय: एजंट धरावा का, धरला तर कसा?

पुण्यातला_शहापूरकर
नमस्कार मंडळी. आमचं शहापुरात जुनं घर आहे, खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. दुमजली, पुढं कट्टा, परसात आड. वडील गेल्यापासून आई एकटीच राहते आणि आता तिला जिना झेपत नाही. घर विकायचं आणि टिळकवाडी नाहीतर हिंदवाडीत लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायचा, इथवर घरात एकमत झालंय. पुढचं सगळं अधांतरी.

दोन एजंट आईला भेटून गेलेत. पहिला म्हणतो, दोन टक्के घेणार, कागदांची धावपळ माझ्याकडं. दुसरा म्हणतो, मला तुमच्याकडनं रुपाया नको. तुम्हाला हातात किती पाहिजेत तेवढं सांगा, वर काय सुटेल ते माझं. आईला अर्थातच दुसरा आवडलाय. शिवाय तो येताना कुंदा घेऊन आला होता.

घर अजून आजोबांच्या नावावर आहे. मला तीन आत्या, एक खानापूरला, एक चंदगडला, एक गडहिंग्लजला. नाती चांगली आहेत. जुनं खरेदीखत मोडीत, नवीन सगळे कागद कन्नडमध्ये, आणि मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. एजंट धरायचा तर कुठला, एक की चार, आणि दलाली किती वाजवी?

कंग्राळीचा_बाळू
काय ओ शहापूरकर, कुंदा खाल्ला न्हवं? मग आता त्या दुसऱ्याला वाटेला लावा. ‘हातात किती पाहिजे’ विचारणारा तुमचा एजंट नव्हेच, तो व्यापारी. तुम्ही साठ लाख म्हटला की तो गिऱ्हाईकाला सत्तर सांगणार. सत्तरला कोण मिळेना झालं की घर लटकलं, आणि मधे साठवालं गिऱ्हाईक येऊन गेलेलं तुम्हाला कळतसुद्धा नाही. आमच्या चुलत्यांच्या वेळी नोंदणीच्या दिवशी दोन्हीकडच्यांनी कचेरीच्या आवारात आकडे जुळवले आणि तिथंच वाजलं. घेणाऱ्याशी एकदा तरी समोरासमोर बसायचंच, हे पहिल्या दिवशी सांगून टाका. जो नको म्हणेल त्याचं पाणी कळलं.

अजून एक. असला माणूस लगेच संचकार, म्हणजे इसार देऊन साठेखत, करू म्हणतो. पन्नास हजार इसार, लांबलचक मुदत, आणि आत एक ओळ, ‘मी किंवा मी सांगेन त्याच्या नावे खरेदी द्यावी’. झालं. त्या ओळीवर तो तुमचं घर गावभर फिरवतो. मुदत संपली तरी सोडत नाही, दावा घालतो म्हणतो. आईला म्हणावं कशावरही सही करू नका, कुंद्याच्या डब्यावरसुद्धा.

गुंठासम्राट
बाळू, बोललास ते खरं, पण अर्धं. मी ह्याच धंद्यात आहे, उद्यमबागेकडं बसतो, तेव्हा दुसरं अंगही ऐका.

मालक आणि गिऱ्हाईक यांची गाठ आम्ही लवकर का घालून देत नाही? कारण घर दाखवायचं आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी सौदा परस्पर. दोन टक्के कबूल करून नोंदणीच्या दिवशी ‘अण्णा, स्वल्प कडिमी माड्री’ (थोडं कमी करा) म्हणत अर्ध्यावर आणणारे कन्नड घरात आहेत आणि मराठी घरातही आहेत. ‘वरचं माझं’ ही पद्धत त्यातूनच वाढली. मी तिचं समर्थन करत नाही, पण ती आभाळातून पडलेली नाही.

गिऱ्हाईक आणणं हे आता काम राहिलेलं नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की संध्याकाळपर्यंत सावगावपासून सांबऱ्यापर्यंत फिरून येतो, आणि त्यातूनच साखळी होते. एका घरामागं पाच एजंट, प्रत्येकाला वाटा पाहिजे, आणि पाचव्याला तर घर कुठल्या गल्लीत आहे हेही ठाऊक नसतं. म्हणून चार एजंटांना सांगू नका. चौघं चार भाव सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं मालक अडचणीत आहे.

खरं काम कागदाचं, आणि शहापुरातल्या घराला ते जास्तच. सिटी सर्व्हेत सीटीएस नंबरावर प्रॉपर्टी कार्ड निघतं, त्यावर आधी वारसांची नावं चढली पाहिजेत. त्यासाठी वंशावळ लागते. मग महापालिकेत खातं, म्हणजे मालक म्हणून नोंद, वारसांच्या नावावर, आणि त्यानंतर ई-आस्थी, म्हणजे त्याच खात्याचा ऑनलाइन उतारा, ई-खातं. पूर्वी खरेदी करून मग खात्याच्या मागं फिरायचं असं चालायचं. ऑक्टोबर २०२४ पासून ई-खात्याशिवाय नोंदणीला उभंच करत नाहीत. त्याला घरपट्टीच्या पावत्या, हेस्कॉमचं वीजबिल, आधार, घराचा फोटो, सगळं लागतं. आणि घोळ कुठं होतो माहीत आहे? नावात. आजोबा कार्डावर ‘बाळाप्पा’, घरपट्टीला ‘बाळकृष्ण’, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. मराठी आडनाव कन्नडमध्ये जाऊन परत येतं तेव्हा त्याला ओळखणं मुश्कील. ते जुळवताना जोडे झिजतात. नुसतं गिऱ्हाईक आणणाऱ्याला एक टक्का पुष्कळ झाला. हे सगळं तडीला नेणाऱ्याला दोन द्यायला जड वाटू नये. माझं मत, धंदेवाल्याचं म्हणून दहा टक्के कमी करून वाचा.

कंग्राळीचा_बाळू
हे दहा टक्के तरी लिहून देता का ओ सम्राट? :)

वकिलीण_टिळकवाडी
एजंट कुठला यापेक्षा आत्यांचा प्रश्न मोठा आहे. नाती चांगली आहेत हे वाचून बरं वाटलं, कारण कायद्यानं त्या तिघी या घराच्या मालक आहेत.

घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल, ते १७ जून १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील आणि आजी आता हयात नसतील, तर तिन्ही आत्यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा, आणि उरलेल्या चौथ्या हिश्श्यात आई आणि तुम्ही भावंडं. घर वडिलोपार्जित असेल तरी मुलींना डावलता येत नाही. कर्नाटकानं १९९४ साली मुलींना हक्क दिला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद गेला, आणि २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असायलाच पाहिजेत असंही नाही. अपवाद मुख्यतः २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेल्या वाटणीचा. ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ हे माझ्याकडं आठवड्याला एक तरी घर सांगतं. त्यावर विसंबू नका.

‘आत्यांच्या सह्या मागाहून घेऊ, आधी इसार घेऊन टाका’ असं एजंट म्हणाला तर तिथंच थांबा. शंभरच्या बाँडवर नोटरी करून घेतलेलं हक्कसोड या कामी उपयोगाचं नाही, ते नोंदणीकृतच हवं. त्याहून सरळ मार्ग म्हणजे तिघींनी खरेदीखतावरच विकणाऱ्या म्हणून सही करायची आणि ज्याचे त्याचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर. चंदगड-गडहिंग्लजच्या आत्यांना प्रवास झेपत नसेल तर त्या आपापल्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून देऊ शकतात. ते इकडं वापरताना मुद्रांक शुल्कात फरक निघाला तर भरावा लागतो, एवढंच. मुखत्यार मात्र घरातला माणूस नेमा. एजंटाच्या नावे मुखत्यारपत्र हा विषयच काढू नये.

पुण्यातला_शहापूरकर
ताई, मनापासून आभार. तोंडी वाटणीचं वाचून चपापलो, आमच्याकडंही ‘आजोबा बोलले होते’ आहेच. आईला दाखवलं. ती म्हणाली, ‘आक्कांना विचारल्याशिवाय मी तसंही काही करणार नव्हते.’ ईसी (मिळकतीवरच्या बोजांचा आणि व्यवहारांचा दाखला) काढली की हे सगळं त्यात दिसतं का?

वकिलीण_टिळकवाडी
नाही. ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात. तोंडी वाटणी, कोर्टातला दावा, नोंदणी न झालेला संचकार यातलं काही दिसत नाही. शिवाय कावेरी या नोंदणी खात्याच्या साइटवर २००४ च्या अलीकडचंच सहज मिळतं. त्यामागचं हवं असेल तर कचेरीत अर्ज देऊन जुन्या वह्या शोधून घ्याव्या लागतात. म्हणून मराठी आणि कन्नड दोन्ही दैनिकांत जाहीर नोटीस द्यायची पद्धत आहे. घेणाऱ्याचा वकील देतो, तुम्ही घाबरू नका. उलट कोणाची हरकत असेल तर ती पैसे हलण्याआधी कळलेली बरी.

मोडीप्रेमी
खरेदीखत मोडीत आहे म्हणता, तर एक लक्षात घ्या. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव शहर मात्र इंग्रजांच्या मुलखात. त्यामुळं त्या काळच्या शहापूरच्या कागदावर संस्थानचा शिक्का, संस्थानचा मुद्रांक असं दिसतं, आणि नवखा एजंट किंवा बँकेचा तरुण वकील ते बघून ‘हे काय आणलंत’ म्हणतो. मोडी जाणणाऱ्याकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या आणि त्याची सही घेऊन मूळ कागदासोबत ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, कृपा करून. आणि मूळ प्रत एजंटाच्या हाती कधीच नाही, झेरॉक्स द्या.

चंदगडी_पाव्हणा
विकणाऱ्यांचं झालं, आता आम्हा घेणाऱ्यांचंही ऐका. पोरांच्या शाळेसाठी आम्ही चंदगडकर बेळगावातच घर शोधतो, आणि सीमेपलीकडचं गिऱ्हाईक दिसलं की काही एजंटांचे डोळे चमकतात. कारण आम्हाला सात-बारा वाचता येतो, इकडचा उतारा येत नाही.

मला हिंडलग्याच्या पुढं एक प्लॉट दाखवला. तीस बाय चाळीस, म्हणजे बाराशे चौरस फूट, भाव ऐकून झोप उडावी इतका स्वस्त. एजंट म्हणाला, ‘एन. ए. (बिगरशेती) होणारच आहे, तोवर बाँडवर घेऊन ठेवा.’ उतारा मागितला तर त्यावर अख्ख्या सर्व्हे नंबराला सात-आठ जणांची नावं. त्यातला कुठला तुकडा कोणाचा, हे फक्त चुन्याच्या रेघेवरून ठरलेलं. शेतजमिनीतला तुकडा विकायचा तर इथं आधी त्या तुकड्याच्या मोजणीचा ११-ई नकाशा लागतो, तोही नव्हता. मी निघालो. तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, अख्खी कॉलनी अशीच बसलीय.’ आणि खरंच बसलीय हो. लोक राहतात, दिवे आहेत, तुळशी आहेत. पण बँक कर्ज देत नाही आणि पुढं विकताना परत बाँडच. बाँड नाहीतर मुखत्यारपत्र घेऊन मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलंय.

पंचायत हद्दीत असेल तर फॉर्म ९ आणि ११-अ मागा. ११-ब दाखवला तर समजायचं की कर आकारणीसाठी नोंद आहे, रेखांकन मंजूर नाही. शहर हद्दीतल्या बी-खात्याचंही तेच. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं मोहीम काढून अशा मिळकतींना बी-खातं दिलं, आणि एजंट लगेच ‘आता सगळं कायदेशीर झालं’ सांगत सुटले. तसं नाही ते. बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेलं रेखांकन वेगळं आणि बी-खातं वेगळं.

आणखी एक फरक, महाराष्ट्रातनं येणाऱ्यांसाठी. आमच्याकडं शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. कर्नाटकानं २०२० मध्ये ती अट काढली. त्यामुळं इथले एजंट पुण्या-मुंबईवाल्यांना ‘फार्महाऊस’ म्हणून एकरानं शेती विकायला निघालेत. ती जमीन कुणाला सरकारनं दिलेली अनुसूचित जातीतल्या कुटुंबाची असेल, तर परवानगीशिवाय झालेली विक्री आज नाही तर उद्या रद्द होऊ शकते, कारण २०२३ पासून त्यासाठी मुदतीचीही आडकाठी राहिलेली नाही. हे कुठला एजंट स्वतःहून सांगत नाही.

गुंठासम्राट
मी सांगतो. बाकी सगळं बरोबर लिहिलंत.

मीनाक्षी_अनगोळ
फ्लॅट शोधणाऱ्यांसाठी थोडं. मी एकटी राहणारी बाई, नोकरी करते. एजंटाचा पहिला प्रश्न बजेटचा नव्हता. ‘आडनाव काय?’ मग ‘नॉनव्हेज?’ मग ‘मिस्टर कुठं असतात?’ चांगले चार फ्लॅट मला दाखवलेच नाहीत, सोसायटीला चालणार नाही म्हणून. सोसायटीला विचारलं होतं का, तर तेही नाही. एजंट बदलला. दुसरी एक बाईच मिळाली, तिनं आधी पार्किंग दाखवलं, मग टाकीत पाणी किती दिवसांनी येतं ते सांगितलं, मग फ्लॅट. शहापूरकर, आईसाठी बघताय तर लिफ्टला जनरेटर आहे का ते विचारा, आणि भोगवटा प्रमाणपत्र. जुन्या अपार्टमेंटमध्ये जमिनीतला अविभाज्य हिस्सा खरेदीखतात लिहिलेला आहे का तेही बघा, नाहीतर उद्या इमारत पाडायची झाली तर हातात काय राहतं?

नवीन स्कीममधला घेणार असाल तर एजंटाचा रेरा नंबर, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाकडच्या नोंदणीचा नंबर, मागायचा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि अशा प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटालाही. साइटवर दोन मिनिटांत सापडतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ‘आज बुकिंग करा, उद्या भाव वाढणार’वाल्यांना हे एकदा ऐकवून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

कंग्राळीचा_बाळू
मग शहापूरकरांच्या जुन्या घराच्या एजंटालाही रेरा पाहिजे की?

मीनाक्षी_अनगोळ
नाही. एकाचं जुनं घर दुसऱ्याला, त्याला ते लागू नाही. म्हणून तर तिथं लिहून घेतलेल्या अटी हाच काय तो आधार.

निवृत्त_कॅशियर
जन्म नोटा मोजण्यात गेला, म्हणून पैशांचं मी सांगतो. समजा शहरातलं घर ६० लाखांना गेलं. मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे ३ लाख. त्या ३ लाखांवर सेस आणि सरचार्ज मिळून १२ टक्के, म्हणजे ३६ हजार. नोंदणी फी पूर्वी १ टक्का होती, ती ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली, म्हणजे १ लाख २० हजार. एकूण ४ लाख ५६ हजार घेणाऱ्याला, दलाली वेगळी. तुम्ही दोन्हीकडं आहात, विकणारे आणि घेणारे, तेव्हा फ्लॅटसाठी हा हिशेब आत्ताच बाजूला काढा. किंमत ५० लाख किंवा वर असली की घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापायचा. ‘आम्ही चौघं विकणारे, प्रत्येकाचा वाटा पन्नासच्या आत’ ही पळवाट ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे. प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर वेगळा फॉर्म भरला जातो, म्हणून आत्यांची पॅन कार्डं आधी तपासा. आधारशी जोडलेली नसली तर कपात कितीतरी जास्त होते.

आता नाजूक जागा. एजंट म्हणेल, ‘सरकारी दरानं कागद करू, बाकीचे रोख.’ घरासाठी २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड, आणि तो घेणाऱ्या हातावर, म्हणजे तुमच्या आईवर. शिवाय रोख आलेले पैसे नव्या फ्लॅटमध्ये दाखवता येत नाहीत, मग भांडवली नफ्यावरची सूटही तेवढी जाते. आजोबांच्या काळातलं घर आहे, तर १ एप्रिल २००१ ची किंमत मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून काढून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या मिळकतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातलं कमी ते निवडता येतं. सीएला विचारा, एजंटाला नको.

रोखीचा आग्रह धरणारा एजंट तुमचं शुल्क वाचवत नसतो. रोखीतल्या किमतीला साक्षीदार नसतो, त्यामुळं त्याला दोन्हीकडं दोन आकडे सांगता येतात.

गुंठासम्राट
कॅशियरसाहेब, एवढं उघडं करून सांगायचं होय?

पुण्यातला_शहापूरकर
मंडळी, तुमच्यामुळं बरंच मार्गी लागलं. दुसऱ्या एजंटाला आईनंच नकार कळवला. कुंद्याचा डबा भरून चिरमुरे परत केले म्हणे. पहिल्याशी मी फोनवर बोललो. घेणाऱ्याशी समोरासमोर बैठक, सगळे पैसे बँकेतून, आत्या खरेदीखतावर, हे त्यानं लगेच मान्य केलं. दलाली लिहून द्यायला कुरकुरला, मग म्हणाला दीड टक्का, पण अर्धी साठेखताला आणि अर्धी नोंदणीला. चंदगडची आत्या म्हणते, मुखत्यारपत्र नको, सहीला मी स्वतः येणार, तेवढंच माहेरी येणं होईल.

दोन प्रश्न उरलेत. शेजारचे काका म्हणतात, घर गल्लीतल्या माणसालाच द्या, बाहेरचा नको, आणि भाव बाजारापेक्षा कमी सांगतात. आणि विक्रीचं साठेखत करताना मुदत किती घालावी, म्हणजे आई मधल्या मधे बेघर होणार नाही?

कंग्राळीचा_बाळू
काकांना आधी विचारा, मान द्या, आणि इतरांना जो भाव तोच सांगा. घेतात तर उत्तम, जन्मभराची ओळख आहे, कागदाला त्रास देणार नाहीत. कमी भावात गल्लीप्रेम नको.

वकिलीण_टिळकवाडी
साठेखत आत्ता करूच नका. प्रॉपर्टी कार्डावर वारसा चढून ई-आस्थी हातात आल्यावर करा, नाहीतर मुदत सरकारी टेबलावरच संपते आणि घेणारा करार मोडला म्हणतो. घाईचं गिऱ्हाईक असेल तर ‘ई-खातं मिळाल्या तारखेपासून नव्वद दिवस’ असं लिहा. ताबा शेवटच्या रकमेनंतर, आणि त्यानंतरही आईला महिनाभर राहू देण्याचं कलम घाला. घेणारे बहुतेक मान्य करतात. फ्लॅटचा इसार आपल्या विक्रीचं साठेखत झाल्यावरच द्या. एजंटाची अर्धी दलाली साठेखताला ठीक आहे, पण व्यवहार विकणाऱ्याच्या दोषाशिवाय मोडला तर ती परत, ही ओळ त्याच कागदावर हवी. आणि रस्तारुंदीत घराचा पुढचा भाग जातो का, ते बुडाच्या मास्टर प्लॅनमध्ये आधीच बघून घ्या. गिऱ्हाईकाचा वकील ते बघणारच, आणि मग भाव पाडायला कारण मिळतं. तुमचा कट्टा रस्त्याच्या किती जवळ आहे?

पुण्यातला_शहापूरकर
कट्ट्यावर बसलं की पाय गटारीवर येतात, ताई.

गुंठासम्राट
मग बुडात मोजणीचा नकाशा घेऊनच जा. सीटीएस नंबर लिहून न्या, नुसतं गल्लीचं नाव सांगून तिथं काही मिळत नाही.